सात इंची खांबासाठी लेथ

सासूबाईंच्या देव्हाऱ्याला चार खांब आहेत. देव्हारा सागवानी, त्यांच्या लग्नात माहेराहून आलेला. खांब सात इंच उंचीचे, कातीव, मधोमध घागरीसारखा फुगवटा आणि त्याच्या वरखाली दोन-दोन कडी. गेल्या वर्षी नवरात्राच्या साफसफाईत त्यातला एक माझ्या हातून मोडला. आतून किडका होताच, पण तुकडा माझ्या हातात आला, त्यामुळे मोडला तो मीच.

तसा एक खांब करून देणारा माणूस मला अख्ख्या कोल्हापुरात सापडला नाही. सुतार म्हणाला, चारही नवे करू, नाहीतर देव्हाराच नवा घ्या. फर्निचरच्या कारखान्यात म्हणाले, मशीनवर होतंय, पण पन्नास नग घ्यावे लागतील. पूर्वी पोळपाट-लाटणी, भोवरे, पाळण्याचे खुंट करणारे कातारी असायचे. आता कातारी आडनावाची माणसं भेटतात, काम वेगळंच करतात. माझ्या बँकेतच एक आहेत, कर्जविभागात.

मग मी रात्री जेवणं आटोपल्यावर कातकामाचे व्हिडिओ बघायला लागले आणि तिथंच घोळ झाला. व्हिडिओत खांब कुणी करत नाही. सगळे वाडगे करतात. ओला ओंडका गरागरा फिरतोय, ढलप्या फितीसारख्या खांद्यावरून उडतायत, आणि वीस मिनिटांत परातीएवढा वाडगा तयार. दोन महिन्यांत मी खांब साफ विसरले. डोक्यात एकच, मोठ्यात मोठा वाडगा ज्यावर होईल असा लेथ, म्हणजे लाकूड फिरवत कातायचं यंत्र.

मोठा लेथ परवडत नव्हता म्हणून मी आधी सगळ्यात छोटा घेतला. त्याला लेथ म्हणायचं का हा प्रश्नच आहे. हाताचं ड्रिल मशीन एका टोकाला शिकंज्यात बसवायचं, दोन नळ्यांवर सरकणारं दुसरं टोक, मधे लाकूड. ऑनलाइन 2,900 रुपये. घरातलं ड्रिल अडकवलं, बाभळीचा एक तुकडा लावला, बटण दाबलं. नळ्या थरथरायला लागल्या. पटाशी टेकवली तशी थरथर वाढली आणि लाकूड निसटून थेट मोरीतल्या फरशीवर. फरशीला अजून तडा आहे. ड्रिलची बेअरिंग पुढून दाब घ्यायला केलेली असतात, बाजूनं नाही, आणि लेथवर तर सगळा दाब बाजूनंच येतो. हे मला नंतर मामानं सांगितलं, फरशी बघून हसून झाल्यावर.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा. चाळीस वर्षं शिवाजी उद्यमनगरात टर्नर. ऑइल इंजिनांचे सुटे भाग, शाफ्ट, बुश, पुल्या. हरिहरला बनलेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथवर त्यानं आयुष्य काढलं. कोल्हापुरात लेथ घ्यायचा तर उद्यमनगरात ओळख असलेला माणूस सोबत हवा, आणि माझ्याकडे तर घरचाच होता. मी त्याला फोनवर लाकडाच्या लेथचे फोटो दाखवले. त्यानं चष्मा वर केला, खाली केला.

"ह्याची कॅरेज कुठाय?"

"नसते मामा. हत्यार हातात धरायचं."

"हातात?" तो बराच वेळ फोटो बघत राहिला. "हातात हत्यार धरून फिरत्या जॉबला लावायचं? खुळी झालीस काय?"

लोखंडाच्या लेथवर हत्यार कॅरेज नावाच्या सरकत्या भागावरच्या टूलपोस्टमध्ये घट्ट आवळलेलं असतं आणि चाक फिरवून ते सूतभर पुढं न्यायचं. लाकडाच्या लेथवर टूलरेस्ट नावाची एक आडवी पट्टी असते, तिच्यावर हत्यार टेकवायचं आणि बाकी सगळं मनगट, कोपर आणि कंबर. मामाला हे पटायला आठवडा लागला. तोवर त्याचं म्हणणं एकच, जुना लोखंडाचा लेथ बघू, दणकट असतो, मिळंल भंगाराच्या भावात. एक बघितलाही. पण लोखंडाच्या लेथची चाल लाकडाला कमी पडते. सात इंची, इंचभर जाडीचा खांब नितळ कातायचा तर मिनिटाला दीड-दोन हजार फेरे हवेत, आणि तो जुना लेथ त्याच्या निम्म्यावर दम टाकत होता. शिवाय त्याच्या बेडला, म्हणजे ज्यावर बाकीचे भाग सरकतात त्या आडव्या पायाला, सतत तेल लागतं. लाकडाचा भुसा त्या तेलात बसला की काळा लगदा होतो आणि सरकणाऱ्या भागांत जाऊन बसतो. हे मामाला सांगावं लागलं नाही. भुसा म्हणल्यावर त्यानंच नाक मुरडलं.

मग आम्ही इथंच बनवलेला लाकडाचा लेथ बघायला गेलो. हा प्रकार फर्निचरवाले वापरतात, पलंगाचे पाय आणि जिन्याचे कठडे करायला. लोखंडी चॅनेलचा चार फुटी बेड, एक हॉर्सपॉवरची मोटर, तीन पायऱ्यांची पुली, अंगानं रेड्यासारखा. किंमत 22 हजार. कारखानदारानं आधी मामाला विचारलं, "कुणासाठी पाहिजे?" मामानं माझ्याकडं बोट केलं. त्यानं "बरं" म्हणलं आणि पुढची सगळी माहिती पुन्हा मामालाच दिली.

मला तो लेथ मनापासून आवडला होता हे कबूल करते. हात लावला तर हलत नव्हता. लेथमध्ये वजन म्हणजे अर्धं काम, कारण ओबडधोबड लाकूड फिरायला लागलं की हलकं यंत्र त्याच्याबरोबर नाचायला लागतं. पण तीन गोष्टी आडव्या आल्या. एक, सगळ्यात कमी चाल 900 फेऱ्यांची. व्हिडिओवाल्या जाणत्यांचा वाडग्यासाठी एक ठोकताळा आहे: लाकडाचा व्यास इंचात घ्या, त्याला फेऱ्यांनी गुणा, उत्तर सहा हजार ते नऊ हजारांच्या मधे यावं. म्हणजे दहा इंची वाडग्याला 600 ते 900. तेही लाकूड आधीच गोल असेल तर. ओबडधोबड ओंडका 900 ला लावायचा तर तो तुमच्या तोंडावर येणार नाही अशी काही हमी नाही. दोन, टेलस्टॉकचं, म्हणजे मोटरीसमोरच्या सरकत्या भागाचं, टोक फिरत नव्हतं. नुसता अणकुचीदार खिळा. लाकूड त्याच्यावर घासून फिरतं, करपतं, आणि मधेमधे मेण किंवा ग्रीस लावत बसावं लागतं. तीन, चार फूट बेड म्हणजे मोटरीकडचा हेडस्टॉक आणि टेलस्टॉक धरून सव्वापाच फुटाचं धूड, आणि माझ्याकडे जागा म्हणजे मागच्या दाराची ओसरी, तीही धुण्याच्या दगडाबरोबर वाटून घेतलेली.

चौथी अडचण मला तेव्हा कळली नव्हती, मामानं पकडली. त्यानं स्पिंडलच्या, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या, आट्यांवर नख फिरवलं आणि विचारलं, "हे कुठलं थ्रेड?" कारखानदार म्हणाला, "आमचंच." म्हणजे आटे पाडायचा जो टॅप त्यांच्याकडं होता त्याचं. लाकूड धरायला चार जबड्यांचा चक लागतो, आणि बाजारात मिळणारे चक ठरावीक आट्यांचेच असतात. जास्त चालणारं माप एक इंच आणि इंचाला आठ आटे, त्याहून लहान यंत्रांवर पाऊण इंच आणि इंचाला सोळा, युरोपातल्या मोठ्या यंत्रांवर 33 मिलिमीटर. स्पिंडल त्यातल्या कुठल्याही मापाचा नसेल तर प्रत्येक जोडणीसाठी मधला अडॉप्टर करून घ्यावा लागणार. "मी करून देतो की," मामा म्हणाला. करूनही दिला असता. पण माझी सगळी हौस एका सत्तरीच्या माणसाच्या तब्येतीवर अवलंबून ठेवायची, हे मला बरं वाटेना.

मधेच आम्ही सावंतवाडीला जाऊन आलो. निपाणी, आजरा, आंबोली घाट, पावसाळा संपता संपता. निमित्त फिरण्याचं, पण मला लाकडी खेळणी करणारे बघायचे होते. मोती तलावाच्या काठच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवताना बघितल्या, मग चितारआळीत फिरलो. आतल्या बाजूला एक आजोबा लेथवर बसले होते. बसले होते म्हणजे खरोखरच बसले होते, बुटक्या पाटावर, आणि लेथही त्याच बेतानं जमिनीलगत. टेलस्टॉक नाहीच. लाकडाचं एक टोक खोलगट कपात हातोडीनं ठोकून बसवलं आणि मोकळ्या टोकाकडून भोवरा कातायला सुरुवात. हत्यार गाडीच्या पाट्याचं, लोहाराकडून करून घेतलेलं. ढलप्या त्यांच्या मांडीवर पडत होत्या आणि ते माझ्याशी बोलता बोलता कातत होते, बघतही नव्हते.

मी विचारलं, पहिला लेथ कसला घेऊ. मोटर किती, लांबी किती. ते म्हणाले, "उभ्यान करतलास काय बसान?"

मला उत्तर देता येईना. दोन महिने मी मोटरी आणि इंच घोकत होते आणि उभं राहणार की बसणार हा विचार एकदाही केला नव्हता. त्यांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं, उभं राहून कोपर दुमडलं आणि हवेत एक रेघ मारली. "हयसर येवक व्हया. नायतर कंबर जातली." कोपराच्या उंचीला लाकडाचा मध्य यायला हवा, एवढंच. मोटर किती हा प्रश्न त्यांच्या लेखी नव्हताच. मी भोवरे घेतले चार, आणि परत येताना आंबोलीच्या चहाच्या टपरीवर वहीत पहिल्यांदा लिहून काढलं की मी नेमकं काय कातणार आहे. देव्हाऱ्याचा खांब. लाटणं. भाचीसाठी भोवरे. पटाश्यांना मुठी. कुंकवाचा करंडा. जमलं तर वाटी, फार तर सहा इंची. परातीएवढा वाडगा यादीत आलाच नाही. त्या वाडग्यात मी ठेवणार काय होते, हेही मला तेव्हा सुचेना.

यादी झाल्यावर निवड पुष्कळ सोपी झाली, पण लगेच नाही.

माझ्यापुढं आता तीन यंत्रं होती, तिन्ही बाहेर बनून इथं विकली जाणारी. सगळ्यात लहान आठ इंच स्विंगचा. स्विंग म्हणजे बेडच्या वर जास्तीत जास्त किती व्यासाचं लाकूड फिरू शकतं ते माप. दोन टोकांमधलं अंतर 12 इंच, वजन वीसेक किलो, 21 हजार. मधला दहा इंच स्विंग, 18 इंच अंतर, बिडाचा, 40 किलो, 38,500 रुपये. त्याच मापाचा पण बटण फिरवून चाल कमीजास्त करता येणारा 52 हजारांचा. माझ्या यादीतली प्रत्येक वस्तू आठ इंचीवरही झाली असती. खांबाला जाडी किती, एक इंच! पण आठ इंचीचे आटे लहान, पाऊण इंची, आणि टेलस्टॉकमधलं निमुळतं भोक एक नंबरचं. दहा इंचीला एक इंच-आठ आटे आणि दोन्ही बाजूंना दोन नंबरचा टेपर. उद्या यंत्र बदललं तरी चक आणि सेंटरं, म्हणजे लाकूड धरणारी टोकं, तीच राहतील. चक हा लेथपेक्षा जास्त टिकतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी आट्यांपासून सुरुवात केली असती, इंचांपासून नाही.

बटणवाल्याचा मोह मात्र जाता जाईना. पट्टा बदलायचा म्हणजे यंत्र बंद करा, झाकण उघडा, मोटर सैल करा, पट्टा दुसऱ्या पायरीवर चढवा. बटणवाल्यावर नुसतं बोट. यावर मामाचा मुद्दा साधा होता. "बेअरिंग गेलं तर मी बदलतो. पट्टा गेला तर गाडीच्या अल्टरनेटरचा पट्टा आणून बसवू, तसलाच रिबवाला आहे. आतलं कार्ड जळलं तर?" आमच्या भागात उन्हाळ्यात दिवे मंद होतात आणि मग एकदम भक्कन येतात. गेल्या मे महिन्यात एक मिक्सर आणि वॉशिंग मशीनचं कार्ड गेलं होतं. मी पट्टेवाला घेतला. ज्यांच्याकडे वीज नीट असते त्यांनी बटणवाला घ्यावा असं माझं मत आहे. पट्टा बदलायचा कंटाळा येतो आणि माणूस चुकीच्या चालीवर काम करत बसतो, हे मी स्वतः रोज करते.

एक बारीक गोष्ट. यंत्रावर चिकटवलेला चालींचा तक्ता अमेरिकेतला होता, तिथल्या 60 हर्ट्झ विजेचा. आपल्याकडं 50. साधी मोटर विजेच्या तालावर फिरते, त्यामुळं तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यातून सहावा हिस्सा वजा करायचा. सगळ्यात खालची चाल छापलेली 600, आपल्या घरी 500. मला तो फायदाच झाला.

खरेदी पुण्यातल्या एका दुकानात. मामा एसी गाडीनं येणार नाही म्हणाला, एसटीच्या साध्या गाडीनं आला, खिशात दोन गोष्टी घेऊन: एक रुपयाचं नाणं आणि छोटी बॅटरी. दुकानदारानं मांडून ठेवलेला लेथ चालू केला. मामानं नाणं बेडवर उभं केलं. उभं राहिलं. दुकानदार खूश. मामा मला हळूच म्हणाला, "हे नुसतं नाटक हाय. लाकूड नसताना सगळेच गप उभारतेत." खरी तपासणी त्यानं नंतर केली. यंत्र बंद करून प्लग काढला. हेडस्टॉकमध्ये टोकदार सेंटर घातलं, टेलस्टॉकमध्ये फिरतं सेंटर, आणि टेलस्टॉक सरकवत दोन्ही टोकं एकमेकांना भिडवली. मागून बॅटरी मारली. टोकं भिडायला हवी तिथं एकाची अणी दुसऱ्याच्या वर होती, मिलिमीटरभर असेल.

"लाकडाला एवढं चालतंय हो," दुकानदार म्हणाला.

"आणि टेलस्टॉकातनं भोक पाडायचं झालं तर?" मामा. "भोक कुठं जाईल?"

दुसरं खोकं उघडायला लावलं. त्यातल्या यंत्राची टोकं सुईला सुई लागावी तशी भिडली. मग मामानं स्पिंडल धरून वरखाली हलवून बघितला, टूलरेस्ट आवळून त्याच्यावर दोन्ही हातांनी रेटा दिला, टेलस्टॉक आवळून ढकलला. शेवटी हातानं स्पिंडल फिरवून कान लावला. ही सगळी तपासणी दहा मिनिटांची, आणि मी ती एकटीनं गेले असते तर एकही केली नसती. मी रंग बघितला असता.

आता पैशाचं. 38,500 ला फक्त लेथ येतो, त्यावर कातता काही येत नाही. चक 9,800. पोलादी हत्यारं, हायस्पीड स्टीलची, पाच: लाकूड गोल करायची जाड गोल पटाशी, खांबाच्या नक्षीची बारीक गोल पटाशी, तिरप्या धारेचा स्क्यू, कापून वेगळं करायचं पार्टिंग, एक स्क्रेपर. 7,400. ग्राइंडर 3,600 आणि त्याच्यावर पांढरा दगड वेगळा, कारण सोबत येणारा करडा दगड हत्यार तापवतो. चेहऱ्यावरची पूर्ण पारदर्शक ढाल 450. ही शेवटची चैन नाही. चष्मा पुरत नाही, लाकूड डोळ्याचाच नेम धरून येत नाही. एकूण बासष्ट हजारांच्या आसपास गेलं. जे कुणी चाळीस हजार घेऊन लेथ बघायला निघाले असतील त्यांनी पंचवीसचा लेथ बघावा, असं मी ओळखीच्यांना सांगते.

स्टँड विकत घेतला नाही. तयार स्टँडवर मध्य छातीला येत होता. मी पाच फूट एक इंच आहे आणि स्टँड कुणा सहा फुटी माणसासाठी केलेला. आजोबांची हवेतली रेघ आठवून भिंतीला उभी राहिले, कोपर दुमडलं, नवऱ्यानं पेन्सिलनं खूण केली: 38 इंच. लेथच्या बुडापासून मध्यापर्यंत दहा, म्हणजे टेबल 28 इंची. उद्यमनगरातून अँगलचं टेबल करून आणलं, खालच्या कप्प्यात वाळूची दोन पोती. चाळीस किलोचं यंत्र वाळूसकट आता सव्वाशेच्या पुढं. पहिल्यांदा चौकोनी लाकूड लावून चालू केलं तेव्हा टेबल जागचं हललं नाही. मामानं टेबलाच्या पायावर पंजा ठेवून बघितलं आणि काही बोलला नाही.

पहिले पंधरा दिवस मात्र वाईट गेले. वखारीतून सिल्व्हर ओकचे तुकडे आणले होते सरावाला. हत्यार टेकवलं की ढलपी निघायचीच नाही, नुसता भुगा, आणि लाकूड वर केस आल्यासारखं खरखरीत. मला वाटलं लेथ कमी पडतोय. मोठी मोटर घ्यायला हवी होती. एक दिवस मामा ओसरीत चहा पीत बसला होता, त्यानं माझ्या हातातली गोल पटाशी घेतली, अंगठ्यानं धार चाचपली आणि विचारलं, "ही कधी पाजळलीस?"

"नवी आहे की."

"नव्यालाच पाजळावं लागतंय."

दुकानातून येणाऱ्या हत्याराला धार नसते, नुसता आकार असतो. आणि लाकडाच्या हत्याराला दर दहा-पंधरा मिनिटांनी धार द्यावी लागते, हे लोखंडाच्या टर्नरलाही नवीन होतं. त्यानं प्लायवूडचा एक तुकडा उतरत्या कोनात कापून ग्राइंडरपुढं बसवला, म्हणजे हत्यार प्रत्येक वेळी त्याच कोनात दगडाला लागेल. त्या संध्याकाळी पहिल्यांदा आवाज बदलला. बोथट हत्यार खरवडतं तेव्हा घर्र असा आवाज येतो, दात खायला लावणारा. धारेचं हत्यार सुरीनं काकडी सोलावी तसं स्स्स् करतं. आधी हत्याराची पाठ, धारेमागचा उतार, फिरत्या लाकडाला नुसती टेकवायची. काही कापलं जात नाही, फक्त घासतं. मग मागची मूठ सावकाश वर उचलायची. एका क्षणी धार लाकडाला लागते आणि ढलपी सुरू होते, पातळ, लांब, कुरळी, मनगटावर ऊन लागते. पाठ टेकवायच्या आधी धार टेकवली तर हत्यार अडकतं, खाडकन आवाज होतो आणि लाकडावर जिन्यासारखी चक्राकार चर पडते. ती चर माझ्या पहिल्या पाचही खांबांवर आहे.

हातमोजे घालू नका, हे सगळे सांगतात आणि तरी वाटतं की घालावेत. मोज्याचा एक धागा अडकला तर बोट धाग्यामागं जातं. ओढणी तर नाहीच. माझा कामाचा पोशाख म्हणजे नवऱ्याचा जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट, केस वर बांधलेले आणि मंगळसूत्र शर्टच्या आत.

मग खांब. तीन जुने शाबूत खांब होते, त्यातला एक काढून घेतला आणि प्लायवूडच्या पट्टीवर त्याच्या सगळ्या जागा खुणांनी उतरवल्या: कडं इथं सुरू, इथं संपलं, घागरीचं पोट इथं, मान इथं. पट्टी फिरत्या लाकडाला लावून पेन्सिल टेकवली की खुणा आपोआप गोल उमटतात. मग प्रत्येक खुणेवर पार्टिंगनं चर पाडायची, कॅलिपरनं जाडी बघत: मानेला 14 मिलिमीटर, पोटाला 25, कड्यांना 20. चरा पाडून झाल्या की लाकूड शिडीसारखं दिसतं आणि उरतं फक्त त्या पायऱ्या एकमेकींना जोडणं. सागाचे तुकडे वखारवाल्यानं जुन्या चौकटीतले दिले, सुकून दगड झालेले. घागरीचं पोट स्क्यूनं केलं. दोनदा हत्यार अडकलं, पोट बारीक करत करत दोन खांब वाया गेले. त्या खांबांतून पटाश्यांना मुठी केल्या.

सहावा बरा झाला. सातवा त्याहून बरा, फक्त खालचं एक कडं अर्ध्या मिलिमीटरनं जाड आणि त्याच्यावर स्क्यूचा एक बारीक ओरखडा. रंग उजळ होता, जुने तिघे तपकिरी, हा पिवळट. उजेडात राहून साग गडद होतो, तेवढा वेळ द्यायचा. जवसाचं तेल लावून दोन दिवस वाळू दिला आणि शनिवारी सकाळी बसवायला घेतला.

सासूबाईंनी खांब हातात घेतला, चष्मा नाकावर सरकवून अंगठ्यानं सगळीकडून फिरवला आणि बरोबर त्या कड्यावर थांबल्या. मी काही बोलले नाही. त्यांनी खांब पुढच्या डाव्या कोपऱ्यात बसवला, मग थोडा मागं सरून बघितलं, परत पुढं आल्या आणि तो अर्धा वेढा फिरवून ओरखडा आतल्या बाजूला केला.

"आता बाहेरनं कुणाला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "बाळकृष्णाला तेवढं दिसतंय, पण तो काही बोलायचा नाही."